खिशातल्या गाण्याला नाव

१९०२ सालच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित करत होते. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत. त्या तीन मिनिटांतले शेवटचे काही क्षणही गौहर जान गाण्याला देत नसत. गाणं संपता संपता त्या इंग्रजीत आपलं नाव सांगत. मुद्रण कोलकात्यात होत असलं, तरी तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना ही भाषा कळत नव्हती, आवाजही ओळखीचे नव्हते. कुठल्या तबकडीवर कुणाच्या नावाचा कागद चिकटवायचा हे त्यांना समजावं, म्हणून गाणाऱ्यानेच शेवटी नाव सांगून टाकायचं, अशी ती सोय होती.

एमपी३ फाइली आल्या तेव्हा हीच अडचण पुन्हा उभी राहिली. एमपी३चं तंत्रही जर्मनीतच घडलं. एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या कानाचा अभ्यास करून, जे ऐकू येणारच नाही ते गाळायचं आणि फाइल लहान करायची, ही युक्ती सिद्धीला नेली. पण गाण्याचं आणि गाणाऱ्याचं नाव लिहायला त्या फाइलीत जागाच ठेवलेली नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी त्यावर तोडगा काढला. फाइलीच्या अगदी शेवटी त्यांनी १२८ बाइटांची एक चिठ्ठी जोडली. तिच्यात पहिली तीन अक्षरं ‘टॅग’ या शब्दाची, मग गाण्याचं नाव ३० बाइट, गायक ३०, अल्बम ३०, साल ४, शेरा ३०, आणि संगीताच्या प्रकारासाठी १. चिठ्ठी शेवटी ठेवली ती तोवर संगणकावर गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरना तिची अडचण होऊ नये म्हणून. गौहर जान यांनी नाव सांगितलं तेही शेवटीच.

हे पुस्तक खिशातल्या प्लेअरमध्ये गाणी कशी भरावीत, कशी लावावीत आणि कशी सांभाळावीत, याबद्दल आहे. लिहायला घेतलं तेव्हा मला वाटत होतं की सॉफ्टवेअरची बटणं समजावून सांगितली की काम झालं. लिहिता लिहिता लक्षात आलं की बटणं हा यातला सोपा भाग आहे, आणि ती दर दोन वर्षांनी बदलतात. अवघड आहे ते गाण्याला नाव लावणं. सॉफ्टवेअर फाइल इकडून तिकडे नेतं, रांगेत लावतं, शोधून देतं. पण या रागाचं नाव काय, हे पद कुठल्या नाटकातलं, ही चाल कुणाची, हे त्याला आपणच सांगावं लागतं. आपण नाही सांगितलं तर ते गप्प राहत नाही. ते भलतंच काहीतरी लिहून ठेवतं.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे गावोगावी मोबाइलच्या दुकानांबाहेर पाटी असायची, ‘गाणी भरून मिळतील’. आपण मेमरी कार्ड काढून द्यायचं, दुकानदार ते रीडरमध्ये घालायचा आणि विचारायचा, ‘मराठी, हिंदी, की भक्तिगीतं?’ मग एक अख्खं फोल्डर उचलून कार्डावर टाकायचा. घरी येऊन बघावं तर गाण्याच्या नावाच्या जागी कुठल्या तरी वेबसाइटचा पत्ता, गायकाच्या जागी ‘अननोन आर्टिस्ट’, आणि अल्बमच्या जागी पुन्हा तोच पत्ता. माझ्या आत्याने असं एक कार्ड कितीतरी वर्षं वापरलं. तिला हवा असलेला अभंग किती वेळा ‘पुढे’ दाबलं की लागतो हे तिला पाठ होतं. एकदा भाच्याने त्यात आणखी चाळीस गाणी टाकली आणि तिचा हिशेब कायमचा चुकला. तो अभंग कार्डावरच होता, पण तिच्यापुरता तो हरवला. हे पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर पहिली वाचक तीच आहे.

खिशातले प्लेअर बाजारात आले ते १९९८ मध्ये. कोरियाचा एमपीमॅन आणि त्याच वर्षी आलेला डायमंड कंपनीचा रिओ, दोघांत ३२ एमबी जागा. नेहमीच्या १२८ केबीपीएस दर्जाने मिनिटाला साधारण १ एमबी लागते, म्हणजे जेमतेम अर्धा तास. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजूसुद्धा त्यात मावली नसती. किराणा घराण्याच्या एखाद्या गायकाचा विलंबित रंगायला लागेपर्यंत प्लेअरमधली जागा संपलेली असती. पुढे २००१ च्या ऑक्टोबरात ५ जीबीचा आयपॉड आला आणि ‘हजार गाणी खिशात’ ही त्याची ओळख झाली. तो हिशेब चार मिनिटांच्या गाण्याचा होता. आपल्या मापाने मोजायचं तर ती जागा सुमारे ६७ तासांची, म्हणजे चाळीस मिनिटांचे शंभरेक ख्याल. मोजमापाचं एकक ‘गाणं’ धरलं की काय होतं, हे या एका आकड्यात दिसतं, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्यांचं मूळही तिथेच आहे.

आयपॉडचं महत्त्व त्याच्या जागेपेक्षा त्याच्यासोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. आयट्यून्स त्याच वर्षीच्या जानेवारीत आलं होतं, विंडोजवर यायला त्याला २००३ चा ऑक्टोबर लागला. तोवरचे प्लेअर म्हणजे पेनड्राइव्हचे भाऊबंद. फाइल कॉपी करा, पेस्ट करा, वाजवा. आयपॉडने वेगळी पद्धत घातली. खरा संग्रह संगणकावर, प्लेअर ही त्याची नक्कल. केबल लावली की सॉफ्टवेअर दोन्हीकडची यादी ताडून बघणार आणि नक्कल मुळाबरहुकूम करून देणार. यालाच सिंक करणं म्हणतात. मुळातून एखादं गाणं काढलं की नकलेतूनही जाणार. प्लेअर दुसऱ्याच संगणकाला जोडून सिंक केला, तर नक्कल त्या दुसऱ्या संग्रहाची होणार, म्हणजे पहिली गाणी पुसली जाणार. हे ज्यांना आधी कुणी सांगितलं नाही, त्यांनी ते नुकसान सोसून शिकून घेतलं.

आयपॉडच्या पोटात डोकावलं तर आणखी एक गोष्ट कळते. गाणी एका लपवलेल्या फोल्डरमध्ये एफ००, एफ०१, एफ०२ अशा कप्प्यांत टाकलेली असतात आणि प्रत्येक फाइलीला चार अक्षरांचं निरर्थक नाव दिलेलं असतं. गायकाप्रमाणे, अल्बमप्रमाणे जी यादी पडद्यावर दिसते, ती एका वेगळ्या नोंदवहीतून येते. ती नोंदवही सॉफ्टवेअर लिहितं, फाइलींच्या टॅगवरून, म्हणजे त्या जोडलेल्या चिठ्ठीवरून. म्हणूनच हाताने आत टाकलेलं गाणं जागा अडवतं, पण यादीत दिसत नाही, कारण नोंदवहीत त्याची नोंद नाही. आज कुणी आयपॉड वापरत नसलं तरी ही रचना समजून घेतलेली बरी, कारण आत्ताच्या फोनमधली संगीताची ॲप्सही हेच करतात. कार्डावरच्या फाइली चाळतात, त्यांचे टॅग वाचतात आणि स्वतःची नोंदवही करतात. फोल्डर आपण कितीही नीट लावलेलं असो, टॅग चुकला की यादी चुकलीच. याउलट साधे, स्वस्त प्लेअर टॅगकडे बघतही नाहीत. त्यातले बरेचसे फाइली ज्या क्रमाने कार्डावर लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. तेव्हा आपल्याकडचा प्लेअर फोल्डर बघतो की टॅग, हे पहिल्या दिवशीच तपासायचं. दोन गाणी घेऊन पाच मिनिटांत ते कळतं, आणि ते कसं हे पहिल्याच प्रकरणात सांगितलं आहे.

आता मुद्द्याचं. ही सगळी सॉफ्टवेअरं तीन शब्दांवर उभी आहेत: गाणं, कलाकार, अल्बम. पहिल्या टॅगमधल्या त्या एका बाइटासाठी संगीताच्या ८० प्रकारांची यादी केली गेली. तिच्यात कंट्री होतं, डेथ मेटल होतं, पोल्का होता. ख्याल नव्हता, ठुमरी नव्हती, नाट्यसंगीत तर नाहीच. यादी करणाऱ्यांनी आपल्या घरातलं संगीत डोळ्यांपुढे ठेवलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. पुढे १९९८ मध्ये टॅगची दुसरी आवृत्ती आली. चिठ्ठी फाइलीच्या सुरुवातीला गेली, एका टॅगला २५६ एमबीपर्यंत वाढायची मुभा मिळाली, संगीतकाराचा वेगळा रकाना आला, शब्द लिहिणाऱ्याचा वेगळा, शेऱ्याला मोकळी जागा. इतकी वर्षं हे रकाने उघडे आहेत आणि आपल्या बहुतेक फाइलींमध्ये ते रिकामे आहेत.

एखादं भावगीत घ्या. मराठी माणूस भावगीताची ओळख तीन नावांनी करून देतो: कवी, संगीतकार, गायक. आकाशवाणीवर निवेदक तिन्ही नावं सांगत आला आहे. फाइलीत मात्र एकच नाव उरतं, गायकाचं. कवी पहिला गळतो. ज्या भाषेत कवितेलाच चाल लावून ती घरोघरी पोचली, तिथे कवीचं नाव गळणं मला लहानसहान गोष्ट वाटत नाही. दर गाण्यामागे वीस सेकंद खर्चून ते नाव लिहिता येतं.

नाट्यपदांची अडचण निराळी. पद नाटकाचं असतं, नाटक नाटककाराचं, चाल संगीतकाराची, आणि तेच पद चार पिढ्यांतले दहा गायक गातात. मी ‘अल्बम’च्या जागी नाटकाचं नाव लिहितो, म्हणजे ‘सौभद्र’ची पदं ‘सौभद्र’खाली आणि ‘मानापमान’ची ‘मानापमान’खाली येतात, गायक कुणीही असो. तरी एक खोच राहतेच. ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. त्याच नावाचा चित्रपट २०१५ मध्ये आला, आणि त्यात जुन्या पदांबरोबर शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी आली. प्लेअरच्या दृष्टीने दोन्हींचं नाव एकच, म्हणून तो दोन्हींची गाणी एका ढिगात टाकतो. अल्बमच्या नावापुढे ‘नाटक १९६७’ किंवा ‘चित्रपट २०१५’ एवढं लिहिलं की ढीग वेगळे होतात. शिवाय ‘अल्बम आर्टिस्ट’ नावाचा एक रकाना असतो. त्यात त्या अल्बमच्या सगळ्या फाइलींना एकच नाव दिलं, की दहा गायकांमुळे एका नाटकाचे दहा तुकडे होत नाहीत.

क्रमाच्या बाबतीत ‘गीतरामायण’ हा उत्तम धडा आहे. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे चाललं. एकूण ५६ गाणी, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. ही ५६ गाणी प्लेअरमध्ये टाका आणि त्याला अकारविल्हे लावू द्या. पहिलं गाणं ‘स’ने सुरू होतं, शेवटचं ‘ग’ने. म्हणजे कथा संपते आधी आणि सुरू होते नंतर. मग कुणीतरी फाइलींना आकडे देतं: १, २, ३. तेवढ्यानेही भागत नाही. बरेच प्लेअर आकड्यांनाही अक्षरंच समजतात, त्यामुळे १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ येतो पार १९ नंतर. राम वनवासाला निघतो आणि मध्येच बालकांडात परततो. इलाज अगदी साधा आहे, ०१, ०२ असं लिहायचं. पण तो कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. आणखी एक. आकाशवाणीच्या मूळ प्रसारणात गाणी वेगवेगळ्या गायकांनी गायली होती, पुढे फडक्यांनी ती सगळी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. दोन्ही तुमच्याकडे असतील तर साल आणि गायक लिहिल्यावाचून ती वेगळी ओळखू येणार नाहीत.

शास्त्रीय संगीताला मी या पुस्तकात सर्वांत मोठं प्रकरण दिलं आहे. तिथे ‘गाण्याचं नाव’ म्हणजे काय, इथूनच प्रश्न सुरू होतो. माझी पद्धत अशी की नावाच्या रकान्यात आधी राग लिहायचा, मग बंदिशीचे पहिले दोन शब्द, मग ताल. शेऱ्यात साथीदार, स्थळ, साल आणि रागाची वेळ. वेळ लिहिण्याचा फायदा असा की आयट्यून्समध्ये २००२ पासून ‘स्मार्ट प्लेलिस्ट’ची सोय आली, आणि तसली सोय आता बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. ‘शेऱ्यात सकाळ हा शब्द असलेल्या सगळ्या फाइली’ असा नियम एकदा सांगून ठेवला की तोडी, ललत, अहिरभैरव आपोआप एका यादीत येतात. आपण नवीन तोडी भरली की तीही त्या यादीत जाऊन बसते. ही माझी या सगळ्या प्रपंचातली सर्वांत आवडती गोष्ट आहे. सकाळी सहाला स्वयंपाकघरात चहा उकळत असताना मी काहीही न शोधता ती यादी लावतो.

नावाचं लेखन एकसारखं ठेवणं हे याच्या मुळाशी आहे. भीमसेन जोशी, पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी आणि रोमन लिपीतले भीमसेन जोशी ही सॉफ्टवेअरला चार वेगळी माणसं वाटतात. उपाधी नावाआधी लिहिली तर निम्मे गवई ‘प’खाली आणि उरलेले ‘उ’खाली गोळा होतात. उपाधी गाळणं अनेकांना अनादर वाटतं. मला ती भावना कळते आणि तिच्यासाठी सोयही आहे: दिसायचं नाव वेगळं आणि रांगेत लावायचं नाव वेगळं, असे दोन रकाने बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात. दिसताना ‘पं.’ दिसेल, रांगेत मात्र ‘भीमसेन’ ‘भ’मध्येच सापडतील. हेच रागांचं. बागेश्री की बागेसरी, यमन की इमन, एकदा ठरवायचं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं. हो, खरोखरची वही, कागदाची.

मग देवनागरी. मी आग्रहाने टॅग देवनागरीत लिहितो आणि तुम्हीही लिहावेत असं मला वाटतं. त्यातल्या अडचणी मात्र आधी सांगायला हव्यात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, मात्रा आणि वेलांट्या धरून. ‘भीमसेन जोशी’ या नावात अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट, आणि मधल्या मोकळ्या जागेचा एक, एकूण ३१. त्या जुन्या ३० बाइटांच्या चौकटीत शेवटची वेलांटी मावत नाही. अर्थात जुना टॅग देवनागरीसाठी नव्हताच, त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीचेच टॅग लिहायचे आणि ते युनिकोडमध्ये आहेत ना हे बघायचं. काही स्वस्त प्लेअर देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात, काही पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर काढतात. अशा प्लेअरसाठी फाइलीचं नाव रोमनमध्ये आणि टॅग देवनागरीत, ही तडजोड मी वर्षानुवर्षं वापरतो. आणखी एक बारीक फसगत आहे. ‘ॲ’ हे अक्षर एकाच चिन्हानेही लिहिता येतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, सॉफ्टवेअरला ती वेगळी वाटतात, आणि शोध रिकामा येतो. माझा एक अख्खा दिवस या एका चंद्राने खाल्ला आहे.

आता माझ्या हातून झालेलं नुकसान सांगतो, कारण पुस्तकातला सर्वांत ठाम सल्ला त्यातून आला आहे. वडिलांच्या शंभरावर कॅसेटी होत्या. बहुतेक सगळ्या रेडिओवरून भरलेल्या, शनिवारी रात्रीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या मैफली. त्यांच्यामागे मी त्या कॅसेटी संगणकावर उतरवायला घेतल्या. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून एक केबल संगणकात घालायची आणि ९० मिनिटांची कॅसेट ९० मिनिटं वाजू द्यायची. याला दुसरा जवळचा रस्ता नाही. आठ महिने लागले. प्रत्येक फाइलीच्या शेऱ्यात मी वडिलांच्या बॉलपेनने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा उतरवला: ‘मारवा, अर्धा. मध्ये लाइट गेली.’ ‘तबला कोण? विचारणे.’ ‘हा पूरिया नव्हे, नीट ऐक.’ मग एका सॉफ्टवेअरमध्ये ‘सगळं आपोआप दुरुस्त करा’ असं बटण दिसलं. आवाजावरून गाणं ओळखून नावं भरण्याची युक्ती खरोखर आहे आणि प्रकाशित तबकड्या-सीडींच्या बाबतीत ती चांगली चालते. माझ्या फाइली कुठेच प्रकाशित नव्हत्या. त्या सॉफ्टवेअरने त्यातल्या बऱ्याचशा त्याच गायकांच्या बाजारात मिळणाऱ्या सीडींशी जुळवल्या, रागांची नावं बदलली, सीडीची रंगीत चित्रं चिकटवली आणि शेऱ्याचे रकाने पुसले. मी बॅकअप घेतलेला नव्हता. मला वाचवलं ते कॅसेटच्या डब्यांतल्या कागदांनी. ते टाकून दिले नव्हते म्हणून सगळं पुन्हा लिहिता आलं. त्यामुळे या पुस्तकात कुठलीही कृती सुरू करण्याआधी एकच वाक्य पुन्हा पुन्हा आलं आहे, ते कंटाळवाणं वाटलं तरी गाळू नका: आधी अख्ख्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर.

आपोआप ओळखणाऱ्या साधनांना नावं ठेवण्यासाठी हे सांगितलेलं नाही. म्युझिकब्रेन्झ हा लोकांनी मिळून उभा केलेला संगीताचा खुला कोश आणि त्याचं पिकार्ड हे टॅग भरणारं सॉफ्टवेअर मी रोज वापरतो. बार्सिलोनाच्या विद्यापीठात कॉम्पम्युझिक नावाचा संशोधन प्रकल्प झाला. त्याने हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला आणि म्युझिकब्रेन्झमध्ये त्या संगीताची माहिती भरली. स्पेनमध्ये बसून कुणी आपल्या रागांच्या नोंदी करत असेल, तर पुण्या-मिरजेतल्या, धारवाडच्या, गोव्याच्या श्रोत्यांनी आपापल्या शेल्फावरच्या सीडीची माहिती त्यात घालायला काय हरकत आहे? एकाने भरली की सगळ्यांना मिळते. ती कशी भरायची याचं एक छोटं प्रकरण मुद्दाम ठेवलं आहे. एमपी३टॅग आणि फूबार२००० या दोन सॉफ्टवेअरवर जास्त पानं खर्च केली आहेत, कारण फाइलींची नावं एका साच्यात असतील तर शेकडो टॅग एका झटक्यात भरण्याचं काम ती फार चांगलं करतात.

मैफलीचा क्रम हा विषय मला स्वतःला फार जवळचा आहे. प्लेअरमध्ये ‘शफल’ असतं, म्हणजे गाणी पत्त्यांसारखी पिसून वाजवणं. चित्रपटगीतांना ते शोभतं. ख्यालाच्या संग्रहाला लावलं, की विलंबितानंतर भलत्याच रागाचा द्रुत येतो आणि भैरवी सुरुवातीलाच वाजते. भैरवीनंतर आपल्याकडे कुणी गात नाही, श्रोते चपला शोधायला लागतात. हे सॉफ्टवेअरला माहीत नाही, म्हणून आपण प्लेलिस्ट करायची. प्लेलिस्ट म्हणजे आतून एक साधी मजकुराची फाइल असते, गाण्यांचे पत्ते एकाखाली एक. संगणकावरचा पत्ता प्लेअरवर लागू पडत नाही, म्हणून पुष्कळांच्या प्लेलिस्टा प्लेअरवर गेल्या की रिकाम्या दिसतात. हे पत्ते कसे द्यायचे आणि देवनागरी नावं असतील तर फाइल एम३यू८ प्रकारातच का ठेवायची, ते चौथ्या प्रकरणात आहे. तिथेच गाण्यांमधल्या खंडाबद्दलही लिहिलं आहे. सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक करतात. प्रत्यक्षात गायक मध्ये थांबलेलाच नसतो. एमपी३ मात्र आवाजाचे ठराविक लांबीचे तुकडे करतो आणि सुरुवातीला-शेवटी थोडी शांतता भरतो. समेवर येता येता मध्येच क्षणभर पोकळी येते. ती घालवता येते, आणि घालवावीच.

दर्जाबद्दल थोडक्यात. घरी मूळ प्रत फ्लॅक प्रकारात ठेवा, त्यात काहीच गाळलं जात नाही. खिशातल्या प्लेअरसाठी तिच्यावरून एमपी३ करा. एमपी३वरून पुन्हा एमपी३ करणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. केबल ओढून काढण्याआधी प्लेअर ‘इजेक्ट’ करा. कायद्याचंही लक्षात असू द्या: ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, आणि शब्द व चाल यांचे हक्क वेगळे. या पुस्तकातलं सगळं स्वतःकडच्या संग्रहासाठी, स्वतःच्या ऐकण्यासाठी आहे.

फोनवर सगळं ऐकायला मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं मला तरुण मित्र विचारतात. कोकण रेल्वेने जाताना करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात गाडी शिरली की त्यांचं गाणं थांबतं आणि माझं चालू राहतं, हे एक उत्तर. दुसरं असं की स्ट्रीमिंगवरची गाणी करार संपला की एका रात्रीत निघून जातात. पण माझं खरं उत्तर वडिलांच्या त्या कॅसेटींमध्ये आहे. त्या मैफली कुठल्याच कंपनीकडे विकायला नाहीत. त्या जपायच्या तर ज्याच्या घरात आहेत त्यानेच जपायच्या. ज्यांना संगणकाचं झंझट नको त्यांच्यासाठी २०१७ पासून ५,००० गाणी आधीच भरलेला ‘कारवाँ’ नावाचा प्लेअर मिळतो, आणि अनेक घरांत तो आनंदाने वाजतो. हे पुस्तक त्या ५,००० गाण्यांबाहेर ज्यांचं काहीतरी आहे त्यांच्यासाठी.

वाचताना सगळा संग्रह एकदम हाताशी घेऊ नका. वीस फाइलींचं एक फोल्डर घ्या, त्याची प्रत करा, आणि प्रकरण वाचत वाचत त्या वीस फाइलींना नावं लावा. घरात कुणी वडीलधारं असेल तर शेजारी बसवा. ‘हा आवाज कुणाचा?’ हे विचारायला आत्ता माणूस आहे.

माझ्याकडे विचारायला कुणी उरलं नव्हतं, अशी एक कॅसेट आहे. ६० मिनिटांची, लेबल निघून गेलेली, आईच्या लोखंडी कपाटात सापडली. गायिका आहे. बिहाग गाते, फार चांगला गाते. वडील टेप वाया जाऊ नये म्हणून निवेदन होईपर्यंत थांबत आणि गाणं सुरू झाल्यावरच बटण दाबत, त्यामुळे सुरुवातीचं नाव नाही. शेवटी टाळ्या नाहीत, स्टुडिओतलंच गाणं असावं. तंबोरे वाजत राहतात, निवेदिकेचा आवाज येतो, ती म्हणते, ‘आत्ता आपण ऐकलंत…’ आणि टेप संपते. फाइलीत मी असं लिहिलं आहे. नाव: बिहाग, विलंबित एकताल. गायिका: अज्ञात. शेरा: लेबल नसलेली कॅसेट, बाजू दुसरी, निवेदन अर्धवट. कुणी आवाज ओळखला तर इथे लिहावं.